दर महिन्याला शिधा द्यावा की कचेरीत सोबत जावं? (ठाणे-नवी मुंबईत असं काम करणाऱ्यांना प्रश्न)

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. वर्तकनगरच्या आसपास राहणाऱ्या आम्हा दहा-बारा जणींचा गट आहे. लोकमान्य नगर, सावरकर नगर भागातल्या काही घरांना आम्ही महिन्याचा शिधा देतो. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहापूड, पोहे, कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड. बहुतेक घरांत कमावता माणूस वारलाय नाहीतर अंथरुणाला खिळलाय. बाई दोन-तीन घरची धुणीभांडी करते, मुलं शाळेत.

गेल्या बैठकीत वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, असंच चालू राहिलं तर पाच वर्षांनीही आपण हीच पोती उचलत असू. या बायकांना सरकारी योजना लागू होतात, ती कामं करून द्यावीत आणि शिधा हळूहळू थांबवावा. दुसरी म्हणाली, पोट आज भरायचं असतं, कागद सहा महिन्यांनी होतो. मला दोघींचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय. नोकरी सांभाळून कागदपत्रांचं काम खरंच जमतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

आणखी एक. आमच्या एका देणगीदारांना दर महिन्याला वाटपाचे फोटो हवेत. देणं मोठं आहे. काय करावं?

चिंचेचं_बोटुक
रुमाल टाकून ठेवतोय. आमच्या कोपरीच्या गटातही हेच भांडण गेल्या गणपतीपासून चालू आहे.

जुना_अव्वल_कारकून
ताई, महसूल खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. अर्ज अडतात त्याची कारणं बहुतेक वेळा बारीक असतात. आधारवर बाईचं सासरचं आडनाव, बँकेत माहेरचं. नवऱ्याला सगळे बाळू म्हणायचे आणि मृत्यूच्या दाखल्यावरही कुणीतरी तेच लिहून दिलं. रेशनकार्ड गावच्या नावावर, राहणं ठाण्यात. अधिकारी दुष्ट असतो असं नाही, पण नाव जुळलं नाही तर त्याला पुढे सरकता येत नाही. बाई एक दिवसाचा रोज बुडवून येते, त्रुटी ऐकते, परत जाते आणि पुन्हा येत नाही. माझ्या नोकरीत असे किती अर्ज बघितले असतील!

तुमच्या कुटुंबांसाठी आधी तीन गोष्टी बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजना: विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण वगैरेंना महिना १,५०० रुपये. दुसरी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर एकदाच २०,००० रुपये. या दोन्हींचं काम तहसीलमधून चालतं. तिसरी, जी फार कमी लोकांना माहीत असते, ती बालसंगोपन योजना. वडील गेलेल्या किंवा एकाच पालकाकडे वाढणाऱ्या मुलामागे महिना २,२५० रुपये. ती महिला व बालविकास खात्याची, अर्ज जिल्हा कार्यालयात जातो, घरी भेट होते आणि बालकल्याण समितीसमोर आईला मुलासह जावं लागतं.

नेरूळ_पहाटफेरी
कारकून काका, फार उपयोगी माहिती. वाचनखूण साठवली.

पण संजय गांधी योजनेला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे ना? म्हणजे महिन्याला १,७५०. ठाण्यात एका घरची भांडी घासून त्याहून जास्त मिळतात. मग कुठल्या विधवेला खरा दाखला मिळणार?

जुना_अव्वल_कारकून
तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि हा आकडा वाढायलाच हवा. नोकरीत असतानाही आम्ही हेच बोलायचो. जिला काहीच काम जमत नाही, अशा आजारी बाईला आज ही योजना लागू पडते. धडधाकट, कमावत्या विधवेच्या बाबतीत मुलांसाठी बालसंगोपनाचा मार्ग धरा. खोटा दाखला मात्र कुणालाही काढून देऊ नका. पुढे तपासणी झाली तर वसुली त्या बाईवर येते, तुमच्यावर नाही.

लोकमान्यनगर_शेवटचा_स्टॉप
मी इथे फार लिहीत नाही, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी त्या घरांपैकी एका घरातली मुलगी आहे. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते, भाऊ तिसरीत. आज मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे.

आमच्याकडे शिधा यायचा. तो आला नसता तर काही महिने खरंच कठीण होतं, त्यामुळे शिधा कमी दर्जाचं काम आहे असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटेल. घरात तेल असलं की आई शांत असायची, हे मला आजही आठवतं. पण दर वेळी नवीन माणसं यायची आणि आईला पहिल्यापासून सगळं सांगायला लावायची. बाबा कसे गेले, दारू प्यायचे का, दिराने घर का घेतलं. आई सांगायची, कारण पिशवी समोर ठेवलेली असायची. नंतर आम्ही दोघं भावंडं दारात बसून राहायचो, आत यायचो नाही.

मग एक काकू यायला लागल्या. त्या एकट्याच यायच्या, ठरलेल्या वारी. त्यांनी आईला सोबत घेऊन बँकेत खातं उघडलं, स्लिप भरायला शिकवली, दुसऱ्या वेळी मुद्दाम बाहेर बाकावर बसून राहिल्या आणि आईला एकटीला काउंटरवर पाठवलं. आई घरी आली ती हसत. तिला सही येत होती, पण कुठे करायची ते माहीत नव्हतं.

तिसरा_मजला ताई, फोटो देऊ नका. माझा शिधा घेतानाचा फोटो कुणीतरी लावला होता आणि तो वर्गातल्या मुलीच्या घरी पोचला. ती चांगली मुलगी होती, काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मला डब्यातलं अर्धं दिलं आणि मी शाळेतून पळून आले.

तिसरा_मजला
वाचून थांबले. फोटोचा प्रश्न माझ्यापुरता संपला. देणगीदारांना आम्ही किराण्याचं बिल आणि किती घरांना दिलं ते लिहून पाठवू.

नौपाडा_जुना_वाडा
भावना समजू शकतो, पण देणारा विश्वास कशावर ठेवेल? शिधा विकला जातो हे मी बघितलंय. शिवाय घरात मोठा टीव्ही, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि आपण डाळ पोचवतोय. खरी गरज कुणाची ते कसं ओळखायचं यावर कुणी बोलत नाही.

दिघ्याचा_मास्तर
नौपाडा, मोबाइलवर बोलतो. शाळेचा गृहपाठ, सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी, आईच्या कामाच्या घरून येणारा "आज लवकर या" हा फोन, सगळं त्या एका मोबाइलवर चालतं. तो विकला तर आधी काम जाईल. टीव्ही बहुधा नवरा असताना हप्त्यावर घेतलेला असतो. गरज ओळखायची असेल तर वस्तू बघू नका. मुलांची हजेरी बघा. घरावर संकट आलं की आमच्या पटावर ते सगळ्यांत आधी दिसतं. आठवीतली मुलगी सोमवार-मंगळवार गैरहजर राहायला लागली की समजावं, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही किंवा आई आजारी आहे. शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी सेविकेला, आशा ताईला विचारा. यादी त्यांच्याकडे तयार असते, फक्त आपण विचारायला जात नाही.

आणि तांदूळ विकला तर विकू दे. रेशनचा तांदूळ घरात असेल आणि गॅस भरायला पैसे नसतील तर तीही वेळ येते.

नौपाडा_जुना_वाडा
हजेरीचा मुद्दा पटला. विकण्याचा अजून पटलेला नाही.

कळवा_खाडी
मी नर्स आहे. कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही. रेशन आणि दाखले यांच्या आधी माझ्या मते तिसरं काम येतं: दवाखान्यात सोबत जाणं. एकटी बाई नवऱ्याला घेऊन येते तेव्हा केसपेपर काढायला रांगेत तिने उभं राहायचं, स्ट्रेचरजवळही तिनेच थांबायचं, रक्ताची बाटली आणायला तिनेच धावायचं. सोबत एक माणूस असला की निम्मी धावपळ संपते. त्याला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

दुसरं म्हणजे माहिती. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा, योजनेत बसतंय का ते तेच बघतात. खाजगी धर्मादाय रुग्णालयांनाही कायद्याने बंधन आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. निर्धनसाठी उत्पन्न वर्षाला १,८०,००० पर्यंत आणि सवलतीसाठी ३,६०,००० पर्यंत धरतात. म्हणजे इथे धुणीभांडी करणारी बाईही बसते, रिक्षावाल्याचं कुटुंबही बसतं. पण रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला हातात पाहिजे, आणि तो रुग्ण दाखल झाल्यावर धावपळ करून मिळत नाही. म्हणून म्हणते, घरात सगळे बरे असताना दाखला काढून ठेवा. मंगळसूत्र मोडून बिल भरलं आणि नंतर कळलं की सवलत मिळाली असती, असं होताना बघवत नाही हो.

चिंचेचं_बोटुक
कळवा ताई, ही माहिती आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवणार आहे. लिफ्ट बंद पडली की लोक निवांत वाचतील.

खारघरकर
थोडं विषयांतर, पण जवळचंच आहे. आमच्याकडे खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक हे कॅन्सरचं रुग्णालय आहे. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ईशान्य भारतातून कुटुंबं येतात. ना भाषा, ना ओळख, उपचार महिनोन्महिने. मुलांसाठी सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी राहण्याची सोय केली आहे, पण मोठ्या माणसांच्या नातेवाइकांना भाड्याची खोली शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

त्यांना शिध्याइतकीच गरज असते ती प्लेटलेट्सची. साठवून ठेवता येतात फक्त ५ दिवस, त्यामुळे वर्षातून एकदा मोठं शिबिर घेऊन भागत नाही. बोलावल्यावर येणारे दाते लागतात. मशीनवर तास-दीड तास जातो, एवढंच. आमच्या सेक्टरमधल्या तरुण मुलांनी गट केलाय, ज्याची पाळी असेल तो ऑफिसातून परस्पर जातो. ज्यांना कचेरीचं काम जमत नाही त्यांनी हे करावं.

नेरूळ_पहाटफेरी
खारघरकर, गटात माझं नाव घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रबाळे_रात्रपाळी
धागा रात्री वाचतोय. रबाळे, तुर्भ्याकडे नाक्यावर उभे राहणारे मजूर बघतो मी रोज. जालना, परभणी, बीडकडचे. बायका-पोरं सोबत, रेशनकार्ड गावाला. त्यांना वाटतं इथे धान्य मिळणारच नाही. वन नेशन वन रेशन कार्डवर कुठल्याही दुकानात मिळतं, आणि २०१९ साली ज्या चार राज्यांत त्याची सुरुवात झाली त्यात आपला महाराष्ट्रही होता. अंगठा उठला पाहिजे आणि आधार जोडलेलं पाहिजे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला २५ किलो झालं. इतका शिधा कुठला गट देणार?

मी एकदोघांना दुकानात घेऊन गेलो. दुकानदार आधी नाही म्हणाला. मी शांतपणे उभा राहिलो. मग दिलं.

तिसरा_मजला
रात्रपाळी दादा, "शांतपणे उभा राहिलो" हे वाचून खूप काही कळलं. आमच्या यादीतल्या किती घरांचं रेशन चालू आहे, हे आम्ही आजवर विचारलेलंच नाही. आधी तेच विचारते.

पाचपाखाडी_काकू
आमच्या लेडीज ग्रुपने दर दिवाळीत येऊरच्या पाड्यांवर फराळ आणि कपडे दिलेत. लोक आनंदाने घेतात. सगळंच कागदावर आणायला हवं का? सणाला गोडधोड देण्यात आनंद असतो, दोन्ही बाजूंना.

चिंचेचं_बोटुक
काकू, फराळ हवाच. फक्त दिवाळीच्या त्या आठवड्यात येऊरला जाणाऱ्या गाड्यांची रांग बघून एका पाड्यावरच्या आजींनी विचारलं होतं, "ठाण्यात कुणी चकल्या खात नाही का?"

पाचपाखाडी_काकू
आजींना सांगा, आमच्या घरी माझ्या हातच्या कुणी खात नाही म्हणून नव्हे, बरं का! पण मुद्दा कळला. जूनमध्ये जाऊ. वह्या, रेनकोट, आणि शाळेत जायच्या वाटेचं काय ते विचारू.

कळवा_खाडी
जूनमध्ये गेलात तर जातीचा दाखला नसलेली मुलं किती आहेत तेही विचारा. वसतिगृह, शिष्यवृत्ती सगळं तिथे अडतं.

घणसोली_संध्याकाळ
एक धोक्याची सूचना. घरात मारहाण होत असेल तर स्वयंसेवकाने नवऱ्याला समजवायला जाऊ नये. आम्ही गेल्यावर त्या माणसाने गोड बोलून चहा पाजला आणि रात्री बायकोला दुप्पट त्रास दिला, असं एका घरात झालं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, पोलिसांचा ११२ आहे, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. बाईला आधी एकटीला विचारायचं, तिला काय हवंय. ती आज निघायला तयार नसेल तर आज निघायचं नाही. नंबर मात्र तिच्याकडे पाठ असला पाहिजे, कागदावर नको.

मुलाबद्दल शंका असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. आणि ज्या मुलाचं प्रकरण बालकल्याण समितीसमोर आहे त्याचं नाव, शाळा, फोटो कुठेही छापायचा नाही, बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने तो गुन्हा आहे. फोटो मागणाऱ्या देणगीदारांना हेही सांगता येईल.

नौपाडा_जुना_वाडा
आपण सगळे वस्तीबद्दल बोलतोय. नौपाड्यात, आमच्या गल्लीत, स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे म्हातारे आहेत. मुलगा परदेशात नाहीतर पुण्यात. पेन्शन आहे, पण जिना उतरवत नाही. यांना कुठल्या योजनेत बसवणार? माझे शेजारी दोन दिवस ताप अंगावर काढून पडून होते, दूधवाल्याने पिशवी उचलली गेली नाही म्हणून बेल वाजवली.

घणसोली_संध्याकाळ
नौपाडा, हा खूप महत्त्वाचा मुद्दा काढलात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाह भत्त्याचा अर्ज करता येतो. पण तुम्ही सांगताय त्या घरांना हे काहीच नको असतं. त्यांना रोज एक फोन आणि आठवड्यातून एकदा कुणी घरी येणं पुरतं. मन फारच खचलेलं वाटलं तर १४४१६ वर टेलीमानस, मराठीत बोलतात.

नौपाडा_जुना_वाडा
आमच्या गल्लीपुरतं मी करतो. दूधवाल्याशीही बोलून ठेवतो, त्याला सगळं आधी कळतं.

लोकमान्यनगर_शेवटचा_स्टॉप
नौपाडा काका, शनिवारी मी मोकळी असते. तुमच्याकडच्या आजींना बँकेच्या कामाला सोबत हवी असेल तर सांगा. ते मला येतं.

नेरूळ_पहाटफेरी
ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नोकरी सांभाळून जमतं का. कचेऱ्या शनिवार-रविवार बंद, आपण सोमवार ते शुक्रवार कामावर. म्हणून आम्ही काम तोडून वाटलं. रविवारी कागद गोळा करणं, नावं जुळवून बघणं, 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज भरणं हे नोकरीवाले करतात. कचेरीत सोबत जाणं निवृत्त मंडळी आणि गृहिणी करतात. आणि प्रत्येक कुटुंबामागे एकच माणूस. तो बदलायचा नाही. लोकमान्यनगर ताईंनी लिहिलंय ते तंतोतंत खरं आहे, तीच कहाणी पुन्हा सांगायला लावणं थांबलं की निम्मा संकोच जातो.

तिसरा_मजला
काल बैठक झाली. शिधा चालू राहणार. ज्या घराचं रेशन सुरू होईल आणि मुलांचे पैसे खात्यात यायला लागतील, त्या घराशी बोलून, त्यांनी म्हटल्यावरच थांबवायचा. तोपर्यंत प्रत्येकीने दोन घरं वाटून घेतलीत. ज्या मैत्रिणीने वाद काढला होता ती नोकरी करत नाही, तिने कचेरीचं काम स्वतःहून घेतलं. रेशनची चौकशी केली तर तीन घरांचं आधार न जोडल्यामुळे अडकलेलं निघालं, आणि आम्ही त्याच घरांना तांदूळ देत होतो.

कारकून काका, दोन प्रश्न. एक, बायकांना लाडकी बहीणचे पैसे येतात, निराधारचा अर्ज केला तर ते जातील का? दुसरा अवघड आहे. एका बाईचा नवरा मेलेला नाही. तीन वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. पोलिसांत तक्रार केलेली नाही, कारण सासू म्हणाली अपशकुन होईल. मृत्यूचा दाखला नाही, घटस्फोट नाही. मुलगा दुसरीत.

जुना_अव्वल_कारकून
पहिल्याचं उत्तर: दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. म्हणजे एका बाईला दोन्ही नाहीत. कुठलं टिकाऊ ते तिच्याशी बसून ठरवा. बालसंगोपन मुलाच्या नावाने असतं, त्याचा हिशोब वेगळा.

दुसरं. मृत्यू गृहीत धरायला कायद्याने ७ वर्षं आणि न्यायालयाचा हुकूम लागतो, त्या वाटेला आत्ता जाऊच नका. पण बेपत्ता असल्याची नोंद पोलीस ठाण्यात आजच करून घ्या, तीन वर्षं झाली तरी घेतात. सासूबाईंना सोबत न्या आणि सांगा, शोध घ्यायला सांगतोय, माणूस गेला असं कुणी लिहीत नाही. त्या नोंदीची प्रत, शाळेचं बोनाफाइड, आईचं आणि मुलाचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलासोबतचं बँक खातं एवढं जमवा आणि बालसंगोपनाचा अर्ज करा. वडील सोडून गेलेल्या मुलालाही ही योजना आहे. हप्ता दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही, त्यामुळे त्या घराचा शिधा बंद करू नका.

बाईंचं आडनाव आधारवर आणि शाळेत एकच आहे का, ते आधी बघून मला कळवा.

तिसरा_मजला
एकच नाही. आधारवर माहेरचं आहे.

जुना_अव्वल_कारकून
मग विवाह नोंदणीपासून सुरुवात करावी लागेल. लग्न कुठे झालं? गावी असेल तर ग्रामपंचायतीचं नाव व्यनि करा, तिथे काय मागतात ते विचारून सांगतो.